दिवस विकणारी बेटे



शाळेच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा टांगलेला असतो, त्यात पॅसिफिक महासागराची मोठी आबाळ झालेली असते. नकाशा काढणाऱ्याला जमिनी अखंड दाखवायच्या असतात. तेव्हा कात्री लागते ती पाण्याला. अर्धा पॅसिफिक डाव्या कडेला, अर्धा उजव्या कडेला, आणि ज्या भागाविषयी मी आज बोलणार आहे तो नेमका त्या कात्रीखाली सापडतो. तिथे पेन्सिलीचे टोक टेकवल्यासारखे काही ठिपके असतात. नावे इतकी बारीक की मागच्या बाकावरच्या मुलाला तर नाहीच, पण नकाशाशेजारी उभ्या असलेल्या गुरुजींनाही ती वाचता येऊ नयेत. किरिबाटी, नाउरू, तुवालू, पलाऊ, मार्शल बेटे, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटे, आणि या सर्वांत थोरला भाऊ म्हणावा असा पापुआ न्यू गिनी. असे हे आठ देश. यातले पहिले नाव लिहितात किरिबाटी, पण तिथली माणसे म्हणतात ‘किरिबास’.

थोरल्या भावाकडे डोंगर आहेत, जंगले आहेत, खाणी आहेत. सॉलोमन बेटांतही बरीच जमीन आहे. पण बाकीच्यांचे काय? नाउरूची जमीन अवघी २१ चौरस किलोमीटर. मोटारीत बसले तर अर्ध्या तासात सबंध देशाला प्रदक्षिणा होते. तुवालूची २६ चौरस किलोमीटर. किरिबाटीची बेटे सगळी एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. तीही जमीन कशी, तर पोवळ्यांच्या खडकावर साचलेली वाळू. नारळ येतो, फणसासारखे एक फळ येते, दलदलीत अळूच्या जातीचा एक कंद लावतात. ज्वारी-गहू पिकवायचे म्हटले तर नावच नको.

आता शिक्षकमित्रांना एक गोष्ट सुचवतो. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासळीवर आणि इतर संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. कायद्याच्या भाषेत याला ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ म्हणतात. हे २०० मैल म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, मुंबईहून सरळ रेषेत सावंतवाडीच्या थोडे पलीकडे. मुलांना सांगा, की एका ठिपक्याभोवती ३७० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्याचे क्षेत्रफळ करा. उत्तर येईल सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर. सबंध महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा! एका ठिपक्याचे वर्तुळ महाराष्ट्राहून मोठे. किरिबाटीचे ठिपके तर दूरदूर विखुरलेले. त्यामुळे तालुक्याएवढ्या जमिनीच्या या देशाकडे समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या भारताच्या भूमीपेक्षाही अधिक.

हा हक्क काही पूर्वापार नव्हता. जुना दंडक असा, की किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचतो तिथवर राजाचे राज्य, म्हणजे तीन मैल. त्यापलीकडचे पाणी सर्वांचे. आणि सर्वांचे म्हणजे ज्याच्याकडे मोठे जहाज त्याचे. आपल्या गायरानासारखीच गत. नाव गावाचे, चारा मात्र मोठ्या दावणीवाल्याच्या गुरांना. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे देश स्वतंत्र होत गेले तसा हा दंडक डळमळू लागला. अनेक वर्षांच्या वाटाघाटी झाल्या आणि अखेर डिसेंबर १९८२ मध्ये जमैकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तो अमलात यायला १९९४ साल उजाडले.

तर या आठ देशांना शेत मिळाले. शेतात पीकही उत्तम आहे. आपल्या कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात, त्याच टूना कुळातला स्किपजॅक नावाचा मासा या कोमट पाण्यात थव्यांनी फिरतो. परदेशी दुकानांतून डबाबंद टूना मिळतो तो बहुधा हाच. वर्षभरात वयात येतो, भराभर वाढतो, आणि पोहायचे थांबला तर गुदमरून मरेल अशी त्याची शरीररचना, म्हणून सतत चालत राहतो. जगात पकडल्या जाणाऱ्या स्किपजॅकपैकी जवळजवळ निम्मा या आठ देशांच्या पाण्यातून येतो.

पण शेत मिळाले म्हणून कसता येते असे थोडेच आहे? दीड-दोन किलोमीटर लांबीचे पर्ससीन जाळे, ते ओढणारे सत्तर-ऐंशी मीटरचे पोलादी जहाज, मासा गोठवून ठेवणारी यंत्रे हे सारे जपान, तैवान, दक्षिण कोरिया, चीन, अमेरिका यांच्याकडे. तेव्हा शेत खंडाने द्यायचे. आणि खंड ठरवायला जहाजवाले येत ते एकेका बेटाकडे, वेगवेगळे. दुधाचा व्यापारी कसा दारोदार हिंडून प्रत्येकाला म्हणतो, “शेजारचे पाटील तर याहून कमी भावात घालतात, तुम्हीच का अडून बसलाय?” तोच प्रकार. एका बेटाने भाव वाढवला की जहाज पलीकडच्या बेटाकडे. मासा काय, दोन्हीकडे तोच. शंभर रुपयांच्या मासळीमागे बेटाच्या पदरात पाच-सहा रुपये पडत.

यावर उपाय म्हणून फेब्रुवारी १९८२ मध्ये सात देश नाउरूला जमले आणि त्यांनी करार केला. तुवालू मागाहून आला. कराराचा गाभा असा, की आपले पाणी वेगळे असले तरी मासा एकच आहे; तेव्हा परवान्याच्या अटी सर्वांनी मिळून ठरवायच्या.

नाउरूलाच जमले यात मला नेहमी काहीतरी विशेष वाटत आले आहे. कारण एखादी संपत्ती संपते म्हणजे काय होते हे या बेटाइतके कोणी भोगलेले नाही. नाउरूच्या पोटात फॉस्फेट होते, आपण शेतात सुपर फॉस्फेट टाकतो त्याचा कच्चा माल. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर नेले जात होते. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, खाणी ताब्यात आल्या, आणि काही वर्षे नाउरूचा माणूस जगातल्या अतिश्रीमंतांत गणला गेला. सरकारने परदेशात इमारती घेतल्या, विमाने घेतली. पुढे लंडनमधल्या एका संगीत नाटकातही पैसा घातला आणि ते नाटक साफ पडले. फॉस्फेट संपत आले तेव्हा बेटाचा मधला सारा भाग खडकाच्या सुळक्यांचे रान झाला होता. पैसाही उरला नव्हता. खनिज एकदा काढले की गेले. मासा मात्र राखला तर दरसाल येतो.

करार कागदावर झाला, पण दांडग्यांनी तो मानायचा कशाला? अमेरिकेचे त्या वेळचे म्हणणे असे, की टूना हा भटका मासा आहे. तो आज इथे, उद्या तिथे. त्याच्यावर कोणत्याही किनाऱ्याची मालकी असूच शकत नाही. एवढेच नव्हे, तर अमेरिकन बोट परक्या देशाने पकडून दंड केला, तर तो दंड मालकाला भरून देण्याची तिथल्या कायद्यात सोय होती. जून १९८४ मध्ये सॉलोमन बेटांच्या छोट्याशा गस्ती नौकेने ‘जेनेट डायना’ नावाची अमेरिकन बोट आपल्या पाण्यात पकडली. न्यायालयाने ती जप्त केली. अमेरिकेने उत्तरादाखल सॉलोमनची मासळी घ्यायचे बंद केले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, किरिबाटीने आपल्या पाण्यात एक वर्ष मासेमारी करायचा परवाना दिला तो कोणाला, तर सोव्हिएत रशियाला! शीतयुद्धाचे दिवस ते. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ज्या माशावर कोणाची मालकीच नव्हती, त्याच्यासाठी एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेने बेटांशी सामुदायिक तह केला आणि पाच वर्षांत ६ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. तत्त्वज्ञान बदलले नाही, भोवतालची हवा बदलली, असे म्हणावे लागते.

तरीही खरी किल्ली हाती लागायला आणखी वीस वर्षे गेली. आधी त्यांनी जहाजांची संख्या बांधून पाहिली. जहाजे तेवढीच राहिली, पण आकाराने आणि अवजारांनी वाढत गेली. मग २००७ च्या सुमारास त्यांनी जी पद्धत आणली ती मोठी सुटसुटीत आहे. मासा मोजायचा नाही, दिवस मोजायचा. अथांग समुद्रात कोणी किती मासा काढला हे मोजणे गरीब देशाला अवघड. पण जहाज कुठे आहे हे उपग्रहावरून कळते. प्रत्येक परवानाधारक जहाजावर त्यासाठी यंत्र बसवलेले असते. तेव्हा वर्षाला आठ देशांच्या पाण्यात जहाजांनी एकूण किती दिवस मासेमारी करायची ते ठरवायचे. हा आकडा साधारण ४५,००० जहाज-दिवसांच्या घरात असतो. ते दिवस देशादेशांत वाटायचे आणि प्रत्येकाने आपले दिवस विकायचे. मोठ्या जहाजाचा, म्हणजे ८० मीटरवरच्या जहाजाचा, एक दिवस दीड दिवस धरायचा. ५० मीटरच्या आतल्याचा अर्धा. दिवस संपले की जहाजाने बाहेर पडायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किमान भाव सर्वांनी मिळून ठरवायचा; त्याखाली कोणी विकायचे नाही. आरंभी दिवसाला दीड हजार डॉलरांच्या आसपास मिळत. २०१२ मध्ये किमान दर ५,००० डॉलर झाला, पुढे ८,०००. आठही देशांचे मिळून परवान्यांचे उत्पन्न २०१० मध्ये ६ कोटी डॉलर होते, ते २०१९ पर्यंत ५० कोटींच्या आसपास गेले. मासा त्या मानाने काही आठपट पकडला गेला नाही, बरं का! किरिबाटीच्या सरकारी उत्पन्नात काही वर्षी १०० पैकी ७० रुपये या एका बाबीतून आले. शाळा, दवाखाने, म्हातारपणाचे वेतन हे सारे त्या पैशावर चालते.

यात आणखी एक हुशारी त्यांनी केली. या देशांच्या वर्तुळांच्या मधोमध खुल्या समुद्राचे काही तुकडे उरतात, चार मळ्यांच्या मध्ये बेवारस पट्टी राहावी तसे. तिथे कोणाचाच कायदा नाही, म्हणून चोरटी मासेमारी तिथेच फोफावे. बेटांनी परवान्यात अट घातली, की आमच्या पाण्यात यायचे असेल तर त्या पट्टीत जाळे टाकायचे नाही. जिथे त्यांचा हक्क पोचत नव्हता तिथे त्यांची अट पोचली.

इथवरची गोष्ट कदाचित आपल्याला दूरची वाटेल. पण महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या माशाशी एक संबंध आहे, आणि तो जुळतो एल निनोमधून. पावसाळ्याच्या आधी हा शब्द आता गावच्या पारावरही ऐकू येतो. पॅसिफिकच्या पश्चिम भागात, पापुआ न्यू गिनीच्या बाजूला, कोमट पाण्याचा प्रचंड साठा असतो. एल निनोच्या वर्षी तो पूर्वेकडे सरकतो. त्याने आपल्या मान्सूनचे गणित पुष्कळदा बिघडते, आणि त्याच पाण्याबरोबर स्किपजॅकचे थवेही पूर्वेला, किरिबाटीच्या बाजूला जातात. २०१५ साल आठवा. मराठवाडा होरपळत होता. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच २०१५ मध्ये किरिबाटीला परवान्यांचे विक्रमी उत्पन्न झाले. मग एकाला सुगी आणि त्याच्या शेजाऱ्याला दुष्काळ, असे झाले तर आठ जणांची एकी टिकायची कशी? यासाठी नियमातच सोय आहे. ज्याच्याकडे मासा नाही त्याने आपले दिवस ज्याच्याकडे मासा आहे त्याला विकावेत. पाण्याची पाळी शेजाऱ्याला देऊन तिचा मोबदला घ्यावा, तसे हे झाले. माझ्या मते सबंध व्यवस्थेत अक्कल आहे ती इथे.

आता सगळे गोडच आहे असे समजू नका. जहाजवाले समुद्रात तराफे सोडतात. तरंगत्या वस्तूच्या सावलीला मासा गोळा होतो हे कोळ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. नव्या तराफ्याखाली मात्र ध्वनियंत्र असते आणि खाली किती मासा जमला हे ते उपग्रहामार्फत जहाजाला कळवते. म्हणजे दिवस एकच, पण त्या दिवसाची पकड वाढत जाते. शिवाय तराफ्याखाली मोठ्या डोळ्यांच्या कुप्याची कोवळी पिलेही सापडतात. म्हणून २००९ पासून दरवर्षी काही काळ तराफ्यांवरची मासेमारी बंद ठेवतात, आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात त्याच विचाराने. हा बंदीकाळ किती ठेवायचा यावर दरवेळी भांडण होते आणि अलीकडे तो कमीही झाला आहे.

दुसरे, मासा काढला इथे, पण डब्यात भरण्याचे मोठे कारखाने थायलंडात. त्या मजुरीचा मोठा वाटा बेटांना मिळत नाही. तिसरी गोष्ट सांगताना वाईट वाटते. २०१० पासून अशा प्रत्येक जहाजावर एक निरीक्षक ठेवतात. बहुधा बेटांवरचाच कोणी तरुण असतो. परक्या भाषेच्या तीसेक खलाशांत तो एकटा, महिना-महिना जमीन नाही, आणि त्याचे काम काय, तर त्याच खलाशांच्या चुका लिहून ठेवायच्या. असे काही निरीक्षक परत आले नाहीत. कोणाचा देह सापडला, कोणाचा सापडलाही नाही. स्वस्त डब्याच्या किमतीत हा खर्च कुठे लिहिलेला नसतो.

आणि आपसातही सर्वांचे जमते असे नाही. पलाऊने २०२० पासून आपल्या पाण्याचा ८० टक्के भाग मासेमारीला बंद केला. किरिबाटीनेही फिनिक्स बेटांभोवतीचा विशाल टापू २०१५ मध्ये बंद केला होता. पण उत्पन्न बुडते म्हणून २०२१ मध्ये तो पुन्हा खुला करण्याचे जाहीर केले. दूर बसून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. ज्याचा चरितार्थ त्या एकाच शेतावर, त्याला एक तुकडा पडीक ठेवायला सांगताना त्याच्या घरातली चूल कोण पेटवणार हेही सांगावे लागते.

एवढे असूनही पश्चिम व मध्य पॅसिफिकमधल्या टूनाच्या चारही मुख्य जाती आज शास्त्रज्ञांच्या हिशेबाने सुस्थितीत आहेत. आपल्या हिंदी महासागरात पिवळ्या पराचा टूना २०१५ पासून काही वर्षे प्रमाणाबाहेर उपसलेल्या माशांच्या यादीत होता. आपणही त्या महासागराच्या टूना आयोगाचे सभासद आहोत.

आता प्रश्न उभा आहे तो समुद्र तापण्याचा. पाणी वर चढते आहे. बेट बुडाले तर त्याच्याभोवतीचे वर्तुळ राहील की पुसले जाईल? ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिकच्या देशांनी एकमुखाने जाहीर केले, की आमच्या सागरी सीमा एकदा ठरल्या त्या ठरल्या, पाणी चढले म्हणून त्या आक्रसणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात त्यांना अनुकूल असेच मत दिले.

सीमेचा प्रश्न असा मार्गी लागतो आहे, पण मासा थोडाच सीमा पाळतो? २०२१ च्या एका अभ्यासाप्रमाणे, जगातले धूर-वायू असेच वाढत राहिले तर स्किपजॅक आणि त्याचे भाऊबंद कायमचेच पूर्वेकडे, खुल्या समुद्रात सरकतील. आणि पॅसिफिकच्या दहा बेट-देशांच्या पाण्यातली पर्ससीनची पकड २०५० पर्यंत सरासरी २० टक्क्यांनी घटेल. तो धूर या बेटांनी सोडलेला नाही. खुल्या समुद्रात गेलेल्या माशासाठी दिवसाचे आठ हजार डॉलर कोणाला द्यावे लागत नाहीत.

खुल्या समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला सर्वांत आधी, जानेवारी २०२४ मध्ये, मान्यता दिली ती पलाऊने. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. त्याने खुल्या समुद्रात राखीव क्षेत्रे करता येतील. पण मासळीचा वाटा ठरवणे त्याच्या कक्षेत नाही. ते काम राहते पश्चिम व मध्य पॅसिफिकच्या मत्स्य आयोगाकडे. तिथे ही आठ बेटे आणि त्यांच्या पाण्यात दिवस विकत घेणारे देश एकाच टेबलाशी बसतात, आणि निर्णय शक्यतो एकमताने घेतात. बेटांचे म्हणणे असे, की मासा आमच्या हद्दीबाहेर गेला तरी इतकी वर्षे तो आम्ही राखला, तेव्हा त्यातला आमचा वाटा आमच्या नावावर राहावा. जहाजवाल्या देशांना हे अजून पटवायचे आहे.